‘पॉझिटिव्ह राहा’ सांगून थकलो, मॅडम

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे कॅन्सरच्या पेशंटपेक्षा त्यांच्या घरची माणसंच जास्त येतात. नवरा, मुलगी, सून, कधी भाऊ. प्रत्येकाचं बोलणं वेगळं, काळजी तीच: ‘आम्ही एवढं करतोय, पॉझिटिव्ह राहा म्हणून सांगतोय, तरी ती खचतच चाललीय. आमच्याशी धड बोलत नाही. काय करायचं?’ हल्ली हे फारच ऐकू यायला लागलं, म्हणून देशमुखांविषयी लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. भेटी पुष्कळ झाल्या, इथे मोजकंच सांगते.

देशमुख बँकेतून निवृत्त झालेले, राहायला पुण्यात सहकारनगरला. पहिल्या भेटीला फाइल घेऊनच आले. बायोप्सी, स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, सगळं तारीखवार लावलेलं. पत्नीला, सुनंदाताईंना, स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालेलं, दर 21 दिवसांनी केमो चालू. स्वयंपाकाला बाई लावलेली, भाजी हे आणणार, देवाची फुलंही हेच तोडणार. बायकोला कशाला म्हणून हात लावू द्यायचा नाही. सकाळी चहाबरोबर बऱ्या झालेल्या पेशंटचे व्हिडिओ दाखवायचे.

“त्यावर त्या काय म्हणतात?”

“काही नाही. मान हलवते. परवा रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती. मी दारावर थाप मारून सांगितलं, असं रडायचं नाही, फायटिंग स्पिरिट पाहिजे.”

“रडल्या तर काय होईल?”

“खचेल.”

“आणि खचल्या तर?”

ते जरा थांबले. “मग औषध लागू पडणार नाही.”

“हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं?”

“सगळेच सांगतात.”

“सगळ्यांचं राहू द्या. डॉक्टरांनी?”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसतज्ज्ञाच्या वळणाची. ही विचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली आणि माझ्यावर तिचा पगडा आहे, हे मी लपवत नाही. संकट माणसाला छळतंच, पण त्या संकटात कसं वागलंच पाहिजे याचे जे नियम आपण करून ठेवतो, ते कित्येकदा जास्त छळतात. देशमुखांचा नियम होता की घरात कुणी रडता कामा नये. तो नियम पाळायचा म्हणजे चोवीस तास पहारा आला. पहारा करून ते थकले होते आणि पहाऱ्यात राहून सुनंदाताई.

मी त्यांना सांगितलं, पुढच्या केमोच्या वेळी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारून या. ते वहीत लिहून घेऊन गेले. उत्तर आणलं ते असं: औषध वेळेवर घ्या, ताप आला तर कळवा, रडण्याचा आणि औषधाचा संबंध नाही. मग मी त्यांना 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाबद्दल सांगितलं. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या 1,093 रुग्णांची मनःस्थिती आणि त्यांचं आयुष्यमान ताडून पाहिलं, तर दोन्हींचा संबंध आढळला नाही. बँकेतला माणूस, आकडा ऐकल्यावर खुर्चीत सरळ बसला.

“म्हणजे तिच्या रडण्यानं काही बिघडत नाही?”

“गाठ वाढत नाही. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, झोप उडाली, कशातच मन लागेना, तर त्यावर उपचार करायचे. तेही डॉक्टरांना सांगायचं. पण भीती वाटली म्हणून रडणं हा काही आजार नाही.”

इथवर सोपं होतं. आकड्यांनी माणसाचं डोकं पटतं, पण घरी गेल्यावर तो पुन्हा व्हिडिओच लावतो. म्हणून मी विचारलं, “त्या आपणहून कधी काही बोलायला आल्या होत्या?”

“आली होती ना. पहिल्या केमोनंतर. लॉकरमधलं कुणाला काय द्यायचं ते. मी म्हटलं, असलं अभद्र बोलायचंच नाही. नंतर एकदा मुलीच्या बाळंतपणाचं काढलं. मी नसले तर कोण करेल वगैरे. मी टीव्ही लावला.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा तिनं काढलंच नाही.”

हे बोलून ते गप्प झाले. आपलंच वाक्य त्यांना आता ऐकू आलं होतं. या धंद्यात असा क्षण रोज येत नाही. आला की समुपदेशकानं तोंड बंद ठेवायचं असतं, आणि नव्यांना ते फार जड जातं. मी बऱ्याच वर्षांनी शिकले. कपाटावरच्या घड्याळाकडेही पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं तेच म्हणाले, “ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी दार लावलं.”

त्या दिवशी एकच काम दिलं. लॉकरचा विषय तुम्ही काढा. सल्ला द्यायचा नाही, ‘तसं काही होणार नाही’ म्हणायचं नाही. फक्त ‘अजून सांग’ एवढंच म्हणायचं.

पुढच्या वेळी ते फाइल न घेता आले. “मॅडम, दीड तास बोलत होती. पाटल्या मुलीला, तोडे सुनेला. माळ्यावरच्या पितळी पातेल्यांचंसुद्धा ठरवून ठेवलंय. मग म्हणाली, मला भीती वाटते हो. मी म्हटलं, मलाही वाटते. दोघंही रडलो. रात्री साडेदहाला म्हणाली, मऊभात टाका, भूक लागलीय.”

मला यातून जे दिसलं, ते पुढे अनेक घरांत दिसत गेलं. घरात एक आजारी आणि बाकी सगळे ठरवून हसतमुख असले, की त्या सगळ्यांचं हसू टिकवण्याचं काम आजारी माणसावर येऊन पडतं. आपण धीर देतो म्हणतो, पण त्या धीरात आपली स्वतःची भीती झाकायची सोय असते. हे जो मान्य करतो, त्याला पुढचं फारसं शिकवावं लागत नाही.

तरी काही गोष्टी सांगते, कारण त्या विचारल्या जातातच. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. ‘मंगळवारी केमोला डबा मी आणते’ म्हणा. केमोनंतर तोंडाला धातूची चव येते, फोडणीच्या वासानंही मळमळतं. बायकोनं ताट सरकवलं तर ती रुसलेली नसते. अशा वेळी पदार्थ गार किंवा कोमट द्या, स्टीलऐवजी लाकडी चमचा देऊन बघा. या आजारातला थकवा झोपून जात नाही, म्हणून ‘आराम कर’ हे उत्तर पुरत नाही. जमेल ते काम तिला करू द्या. देवाची फुलं तोडणं हे देशमुखांच्या घरी पहिलं परत गेलं. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीसुद्धा हॉस्पिटलला फोन करा. नातेवाईकांनी आणून दिलेले काढे आणि चूर्णं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायची नाहीत. मग काकू रागावल्या तरी चालेल.

आणि तुमचं काय? सुझन सिल्क या अमेरिकी मानसतज्ज्ञ बाईंनी 2013 मध्ये एक साधी युक्ती लिहिली. मधोमध पेशंट, त्याभोवती अगदी जवळचे, मग मित्र, मग शेजारी, अशी वर्तुळं काढा. आतल्या वर्तुळाकडे फक्त आधार न्यायचा, आपलं रडगाणं बाहेरच्या वर्तुळाकडे. याचा अर्थ आपली भीती पेशंटपासून लपवायची असा नाही. ‘मलाही वाटते’ म्हणणं वेगळं आणि ‘तुझ्यामुळे माझे काय हाल झालेत’ ऐकवणं वेगळं. देशमुख तेव्हापासून रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर जातात. बँकेतला एक जुना मित्र बरोबर असतो. त्याच्याजवळ सगळं ओकून येतात.

केमो संपत आल्यावर सुनंदाताई स्वतः मला भेटायला आल्या. डोक्याला सुती स्कार्फ, हातात पिशवी. म्हणाल्या, “तुम्ही यांना काय शिकवलंत? आता दर तासाला विचारतात, काही बोलायचंय का. अहो, मला मालिका बघू दे की!”

मग आम्ही ठरवलं की विचारायचं ते रात्री जेवणानंतर, आणि तेही एकदाच.