पाच महिने झाले म्हणून बोलण्याची थेरपी बंद करू नका, आम्ही केली होती

दादा, तुमची पोस्ट वाचून गलबलून आलं. लकवा मारून पाच महिने, उजवा हात गेलेला, वडिलांना सगळं कळतंय पण तोंडातून फक्त "ते ते" निघतं आणि मग चिडून ताट ढकलतात. आमच्या आईचं हुबेहूब हेच की.

मी डॉक्टर नाही, तुमच्या न्यूरोवाल्यांना विचाराच. आईचं सुरुवातीला समजणंही गेलं होतं, ग्लोबल अफेजिया म्हणाले (अफेजिया म्हणजे मेंदूला मार बसून भाषा जाणं, ग्लोबलमध्ये बोलणं-समजणं दोन्ही). नंतर समज बरीच परत आली आणि ब्रोका उरला, म्हणजे कळतं पण शब्द निघत नाहीत. म्हणजे पहिल्या आठवड्यात फाईलवर लिहिलेलं नाव कायमचं नसतं. वर्निके टाईपवाले घडाघडा बोलतात पण अर्थ लागत नाही, घरच्यांना वाटतं वेड लागलं. नुसते शब्द आठवत नाहीत त्या अनॉमिकवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं. पण किती सुधारणा होईल हे टाईपपेक्षा सुरुवातीला मेंदूला मार किती मोठा होता त्यावरच जास्त असतं.

आमची घोडचूक सांगतो. एका सेंटरमध्ये (नाव घेत नाही) फाईल न उघडताच सांगितलं, सहा महिने होत आले, आता आहे तेवढंच राहणार, पैसे घालवू नका. आम्ही मान डोलावली आणि आठ महिने सगळं बंद. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात जोरात होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होतं हे साफ खोटं, हळूहळू का होईना वर्षानुवर्षं फरक पडतो. त्यात आम्ही लाडानं वाट लावली, आईनं तोंड उघडायच्या आत चहाचा कप हातात. तिनं बोलायचं कशाला मग?

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, बाहेर मराठी. थेरपीचे तक्ते सगळे मराठी. एक दिवस मावशी आली, आईसमोर बसून कडक भाकरी मोडत तेलुगूत बडबडत होती, आणि आई खोकत खोकत म्हणाली, "नीळ्ळु". पाणी! चौदाव्या महिन्यात. मावशी उठायला लागली तर मीच तिला खाली बसवलं, म्हटलं थांब, परत म्हणू दे. दुसऱ्याच आठवड्यात नवीन थेरपिस्ट शोधली, ती दोन्ही भाषांत घेते. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, कुणाची कुठली भाषा आधी येईल सांगता येत नाही.

देवाची आरती, एक ते दहा आकडे पाठ असल्यासारखे सलग येतील, त्यावरून बरे झाले समजू नका, मधला "सात" सुटा विचारला की अडतात. आणि "होय" म्हणाले तरी वस्तू दाखवून खात्री करा, आई नाहीला होय म्हणायची.

जाता जाता, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा-भाषा दोषात अफेजिया नावानिशी आहे. अपंगत्व कायमचं ठरल्यावर सर्टिफिकेटचं बघा, खिडकीवरचा "हात-पाय चालतात ना" म्हणाला तर हे दाखवा, आम्हाला तीनदा परत पाठवलं होतं.

वडील घरात कुठली भाषा बोलायचे, तेवढं कळवा.