वाचकांचे प्रश्न : युद्धकाळातला घरचा रेडिओ

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रेडिओवरचा मागच्या अंकातला लेख वाचून बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना ही उत्तरं.

आमची एकांकिका लंडनच्या उपनगरातल्या घरात घडते. काळ नोव्हेंबर १९४२, वार गुरुवार. रंगमंचावर दिवसभर रेडिओ आहे. कधी काय वाजवावं? (महाविद्यालयीन नाट्यगट, सांगली)

तेव्हा श्रोत्याला मुख्यतः दोनच पर्याय होते : बीबीसीची होम सर्व्हिस आणि फोर्सेस प्रोग्रॅम. दुसरा नावाला सैनिकांचा, पण गाणी आणि विनोद त्यावर जास्त, म्हणून घरोघर तोही ऐकत.

सकाळी सात आणि आठला बातम्या. सव्वाआठला 'किचन फ्रंट', जेमतेम पाच मिनिटांचा : रेशनच्या अंड्याच्या भुकटीचं काय करायचं, बटाटा कशाकशात ढकलायचा. साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क', कारखान्यातल्या कामगारांसाठीचा संगीताचा कार्यक्रम, तीन वाजता तोच पुन्हा. दुपारच्या सुट्टीत आठवड्यातले काही दिवस 'वर्कर्स प्लेटाइम', एखाद्या कारखान्याच्या कँटीनमधून थेट. गावाचं नाव मात्र घेत नसत, 'ब्रिटनमध्ये कुठेतरी' एवढंच. संध्याकाळी मुलांचा तास, सहाला बातम्या. आठवड्यातून एकदा साडेआठला 'इटमा', विनोदी नट टॉमी हँडलेचा अर्ध्या तासाचा धुमाकूळ. तो तुमच्या गुरुवारी येतो का, हे मात्र तपासून घ्या. त्यात प्रत्येक पात्र दार उघडून येतं, एक ठरलेलं वाक्य फेकतं आणि दार आपटून जातं. मोलकरीण मिसेस मॉप आली की प्रेक्षक तिच्या वाक्याआधीच हसू लागत. त्याचा भास हवा असेल तर संवादांपेक्षा दारावर मेहनत घ्या : कडी, कुरकुर, धाड. नऊला बिग बेनचे टोले आणि बातम्या. निवेदक आधी स्वतःचं नाव सांगतो. शत्रूनं मध्येच घुसून खोट्या बातम्या दिल्या तर आवाज ओळखता यावा, म्हणून १९४० पासून ही पद्धत पडली.

आता चुका कुठे होतात ते. बटण फिरवल्याबरोबर आवाज आला की प्रयोग तिथेच पडला. विजेवरच्या सेटमध्ये व्हॉल्व्हना (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांना) तापायला वीस-तीस सेकंद लागतात. आधी डायलचा दिवा, मग बारीक गुणगुण, मग दुरून आल्यासारखा आवाज हळूहळू वर चढतो. नटाला तेवढा वेळ काहीतरी काम द्या. दुसरं, रेडिओवर हवामानाचा अंदाज नको. तो शत्रूच्या वैमानिकाला उपयोगी पडेल म्हणून बंद होता. तिसरं, पार्श्वभूमीला चर्चची घंटा वाजवू नका. जून १९४० पासून ती शत्रू उतरल्याच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवली होती. इजिप्तमधल्या अल अलामेनच्या विजयासाठी ती १५ नोव्हेंबर १९४२ ला वाजली, पण तो रविवार होता.

हवाई हल्ला सुरू झाला की कार्यक्रम एकदम बारीक आणि घोगरा व्हायचा, असं वाचलं. केंद्र बंद करत होते का? (वाचक, नाशिक)

जवळचं केंद्र बंद करत, कार्यक्रम नाही.

विमानातल्या दिशादर्शकाला एकाच ठिकाणाहून येणारी ठरावीक लहर मिळाली की तिच्या आधारानं शहर गाठता येतं. म्हणून १ सप्टेंबर १९३९ ला बीबीसीनं राष्ट्रीय आणि प्रादेशिक असे वेगळे कार्यक्रम मोडून एकच होम सर्व्हिस केली आणि ती ३९१ व ४४९ मीटर अशा दोनच लहरींवर टाकली. एका लहरीवर लांब-लांबची अनेक प्रक्षेपण केंद्रं एकाच वेळी तोच कार्यक्रम सोडत. सगळ्यांच्या लहरी मिसळल्या की दिशादर्शकाची सुई गोंधळते. पण विमान एखाद्या केंद्राच्या अगदी जवळ आलं की तिथली लहर बाकीच्यांवर मात करते आणि दिशा पुन्हा उघडी पडते. म्हणून हवाई दलाच्या फायटर कमांडचा हुकूम आला की तेवढंच केंद्र बंद व्हायचं.

घरातला सेट मग आपोआप त्याच लहरीवरच्या दूरच्या केंद्राकडे वळे. आवाज बारीक. त्यात रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतणाऱ्या लहरीही येऊन मिळत. दोन केंद्रं साधारण सारख्या ताकदीनं पोचली आणि त्यांचा ताल किंचित चुकला, की एकमेकांना खोडून आवाज पोकळ, फाटका होतो. काही घरांत भोंग्याच्या आधीच रेडिओवरून हल्ल्याचा अंदाज बांधत, तो त्यामुळेच. पुढे शहरांसाठी २०३.५ मीटरवर कमी ताकदीची छोटी केंद्रं टाकली. त्यांची लहर दूरवर पोचत नसल्यानं ती जास्त वेळ चालू ठेवता यायची.

कामगारांच्या संगीतात एका गाण्यावर बंदी होती म्हणे. आक्षेप शब्दांवर होता का? (वाचक, इचलकरंजी)

शब्दांवर मुळीच नाही. गाणं 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस'. त्यात ओळीनंतर चार टाळ्या येतात. कामगार टाळ्यांऐवजी हातातला पाना यंत्रावर नाहीतर बाकावर आपटत. जून १९४० मध्ये सुरू झालेल्या 'म्युझिक व्हाइल यू वर्क'चा हिशेब वेगळाच होता : गोंगाटात चाल कळली पाहिजे, म्हणून आवाजाची पातळी एकसारखी, मध्ये बोलणं नाही, फार संथ चीज नाही, कारण हात मंदावतात. यंत्रमागाच्या गावात राहता, तुम्हाला जास्त काय सांगावं!

आजोबांचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ सापडला. मागे वायरी लोंबतात, एलटी, एचटी अशी अक्षरं आहेत. प्लगला लावू का? (वाचक, सातारा)

नका लावू. हा बॅटरीवरचा सेट आहे, विजेचा नाही. अशा सेटला साधारणपणे तीन पुरवठे लागत : फिलामेंटसाठी, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारेसाठी, २ व्होल्टचा अॅसिडचा अॅक्युम्युलेटर, म्हणजे पुन्हा भरता येणारी बॅटरी (एलटी, लो टेन्शन), ९० किंवा १२० व्होल्टची कोरडी बॅटरी (एचटी, हाय टेन्शन) आणि पुष्कळदा ९ व्होल्टची ग्रिड बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या जाळीसाठीची बॅटरी. तुमच्या सेटचे आकडे मागच्या पट्टीवर किंवा व्हॉल्व्हच्या नंबरावरून पक्के करा. एचटीची तार चुकून एलटीला लागली की सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात जातात.

जोडण्याआधी मेणाच्या कागदी कपॅसिटरांकडे बघा. इतक्या वर्षांत त्यांतून करंट गळतो. सगळ्यात घातक तो शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा : तो गळला की बायस बिघडतो, व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो आणि एचटी बॅटरी बघता बघता उतरते. तो न तपासता बदलाच. बायस न जोडता एचटी लावली तरी हेच होतं. आधी फक्त एलटी द्या आणि फिलामेंट शाबूत आहेत का ते मीटरनं पाहा, एचटी त्यानंतर.

ब्रिटनमध्ये वीज नसलेल्या घरांत असेच सेट होते. अॅक्युम्युलेटर दुकानात नेऊन भरून आणायचा, बहुधा आठवड्याला, अॅसिड सांडू न देता. एचटी बॅटरीचा युद्धात तुटवडा, ती काही भरून मिळत नाही. म्हणून अशा घरात रेडिओ दिवसभर वाजत नसे : नऊच्या बातम्या, आठवड्यातून एकदा हँडले, आणि लगेच बंद. (सांगलीकरांनो, तुमच्या घरात वीज आहे की नाही हे आधी ठरवा. नसेल तर वरच्या वेळापत्रकातलं बरंचसं गाळावं लागेल.)