आठवीत क्लासच्या आधी शाळेचं जनरल रजिस्टर बघा

ताई, तुमचा मूळ प्रश्न असा, की मुलगी आठवीत आहे, पुढे आयआयटी किंवा सरकारी मेडिकल हवंय, तर चार वर्षांचा फाउंडेशन कोर्स, म्हणजे जेईई-नीटच्या तयारीचा क्लास, आत्ताच लावावा का. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय, की शाळेच्या जनरल रजिस्टरात (प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाची माहिती लिहितात ती नोंदवही) जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' आहे, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं आहे आणि कार्यालयातले लोक म्हणतात 'दहावीनंतर बघू'. जाता जाता लिहिलेल्या गोष्टीवरच मी आधी लिहिणार आहे. 'दहावीनंतर बघू' हे वाक्य आम्हीही एका कार्यालयात ऐकलंय. प्रवेशाच्या वेळी गुण होते, जागाही होती, फक्त व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, नव्हती, आणि जागा गेली.

'दहावीनंतर' का चालत नाही ते सांगते. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे नाव, जात, जन्मतारीख यांतली दुरुस्ती मूल त्या शाळेत शिकत असेपर्यंतच सरळ होते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की उघड लेखनदोष सोडून बाकी दुरुस्तीसाठी हेलपाटे सुरू होतात, प्रसंगी कोर्टापर्यंत जावं लागतं. शिवाय दहावीचा बोर्डाचा फॉर्म शाळेच्या नोंदीवरूनच भरला जातो. बोर्डाकडून प्री-लिस्ट, म्हणजे भरलेली माहिती तपासायची यादी, येते तेव्हा ती पालकांना दाखवायची असते, पण बऱ्याच शाळांत मुलाची सही घेतात आणि विषय संपतो. सीबीएसईची शाळा असेल तर नाव नववीच्या रजिस्ट्रेशनलाच पक्कं होतं, म्हणजे तुमच्या हातात आणखी कमी वेळ आहे.

म्हणून या महिन्यातच शाळेकडून मुलीचा जनरल रजिस्टरचा उतारा मागा आणि तो जन्मदाखला व आधार यांच्या शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघा. 'ज्ञानेश्वर' हे नाव इंग्रजीत एका कागदावर 'डीएन' पासून सुरू होतं, दुसऱ्यावर 'जीवाय' पासून. आपल्याला दोन्ही सारखंच वाटतं, पण कागदपत्रं तपासणारा तिथेच बोट ठेवतो. दुरुस्तीसाठी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करायचा. सोबत जन्मदाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा जातीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र. मुख्याध्यापक प्रस्ताव करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात. मंजुरी आली की रजिस्टरात आदेशाचा क्रमांक आणि तारीख घालून नोंद होते, आणि त्या पानाची प्रत तुम्ही घ्यायची. अर्ज तोंडी कधीच करू नका. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. घेतच नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. लेखी अर्ज आला की 'नंतर बघू' म्हणणाऱ्यालाही नकार लेखी द्यावा लागतो, आणि तो कुणी सहजासहजी देत नाही.

आधार शेवटी सुधारा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे कुठलं नाव कायम ठेवायचं हे आधी ठरलं पाहिजे. पंधरा वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेही लगेच उरका. परीक्षा केंद्राच्या दारात ठसा न जुळणं फार वाईट.

आता व्हॅलिडिटी. तुम्ही ओबीसी लिहिलंय म्हणून त्यावरच बोलते. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून आत्ताच काढून ठेवता येतो. पडताळणीचा अर्ज मात्र अकरावी सायन्सला गेल्यावर कॉलेजच्या पत्रासह जिल्हा समितीकडे करायचा. खरा वेळ खातात ते पुरावे. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद लागते (विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०). म्हणजे आजोबा-पणजोबांचा कागद हवा. तो कुठे मिळतो? आजोबा ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले तिथला प्रवेश-निर्गम उतारा सगळ्यात भक्कम. तो नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. ही पानं फाटकी असतात, काही मोडीत असतात. मोडी असेल तर जाणकाराकडून प्रमाणित लिप्यंतर करून घ्यावं लागतं. सापडलेल्या पानावर जात दिसत असली आणि आडनाव नसलं, तर तो माणूस आपलाच पणजोबा हे वंशावळीतून आणि दुसऱ्या कागदातून जोडून दाखवावं लागतं. चुलते, आत्या, चुलत भावंडं यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर आधी त्यांना फोन करा, कारण वडिलांकडच्या रक्तनात्यातलं प्रमाणपत्र जोडलं की काम बरंच सुकर होतं. समितीचं समाधान झालं नाही की प्रकरण दक्षता पथकाकडे जातं, गावी चौकशी होते आणि महिने जातात. आणि मुलीच्याच रजिस्टरात नुसतं 'हिंदू' असेल तर ही शंका तुम्ही स्वतःहून हातात दिल्यासारखं होतं. म्हणून मी शाळेच्या कार्यालयावर एवढी चिडून लिहितेय. त्यांच्यासाठी ती एका ओळीची नोंद असते, मुलाचं मात्र वर्ष जातं.

केंद्राचं वेगळं आहे. आयआयटी-एनआयटीला राज्याचं नॉन-क्रिमीलेअर (ओबीसी कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि ते त्या वर्षीच्या १ एप्रिलचं किंवा त्यानंतरचं हवं. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हे आधी बघा, कारण राज्याच्या यादीतल्या सगळ्याच तिथे नाहीत. एसईबीसी हा मराठा समाजासाठीचा राज्याचा प्रवर्गही केंद्रात नाही. त्या मुलांनी निकषात बसत असल्यास ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र काढावं.

आणखी एक निर्णय दहावीच्या सुट्टीत घाईने घेतला जातो, आणि नंतर पैसे ओतूनही तो फिरवता येत नाही: क्लाससाठी मुलाला अकरावी-बारावीला राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला पाठवणं. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. बदलीच्या नोकरीतल्यांना काही सवलती आहेत, बाकीच्यांना नाहीत. बारावी राजस्थानातून दिली की नीटला कितीही गुण असोत, आपल्या राज्याचा कोटा गेला. इंजिनिअरिंगला आई-वडिलांच्या अधिवासावर राज्याच्या कॅपमध्ये (केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांत) येता येतं, पण नागपूरच्या व्हीएनआयटी या एनआयटीतल्या गृहराज्याच्या ५० टक्के जागा बारावी कुठून केली यावर ठरतात. तुमचं मेडिकल की इंजिनिअरिंग हेच पक्कं नाही, तेव्हा मुलीला राज्याबाहेर पाठवू नका. हे माझं ठाम मत आहे.

फाउंडेशन कोर्सबद्दल थोडक्यात सांगते. चार वर्षांची फी एकदम भरू नका, टॅब आणि बॅग मिळते म्हणून तर मुळीच नाही. आठवी ते दहावीत गणिताचा हात बसला पाहिजे: अवयव, घातांक, करणी, गुणोत्तर, समरूप त्रिकोण, वर्तुळ. राज्य मंडळाच्या पुस्तकातला संकीर्ण प्रश्नसंग्रह पूर्ण, मग एनसीईआरटीचं एक्झेम्प्लर. रोज पाऊण तास, उत्तर न बघता. अकरावीत मुलं भौतिकशास्त्रात अडकल्यासारखी दिसतात, पण बहुतेकदा अडचण बीजगणिताची असते. परीक्षाच द्यायची असेल तर आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी, आठवीपासून देता येते. तीन तासांत ३० प्रश्न, पर्याय नाहीत, उत्तर दोन अंकी संख्येत. निवड नाही झाली तरी एका प्रश्नावर वीस मिनिटं बसायची सवय लागते.

मुलगी मराठी माध्यमातली असेल तर हे लक्षात ठेवा: जेईई मेन आणि नीट मराठीतून देता येतात, जेईई अॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी-हिंदीत असते. दहावीपर्यंत विज्ञानाच्या संज्ञा दोन्ही भाषांत लिहून काढायची वही करा. आयआयटीला बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं, तेव्हा बारावी 'फक्त पास' करायचा सल्ला ऐकू नका.

फीची चिंता लिहिली होतीत. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की मिळत नाही.

नियम दरवर्षी थोडे हलतात, त्यामुळे त्या वर्षीची सीईटी सेलची (राज्याचे प्रवेश करणाऱ्या कक्षाची) माहिती पुस्तिका स्वतः वाचा, माझ्या किंवा नेटकॅफेवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. आणि जन्मदाखल्यावर मुलीचं आणि वडिलांचं नाव नेमकं कसं आहे, शाळा राज्य मंडळाची की सीबीएसई, आजोबांचं गाव कुठल्या तालुक्यात, एवढं इथे लिहा. शाळेच्या अर्जात कुठला पुरावा पुढे ठेवायचा ते मग सांगता येईल.