अमोनिया थंडीत जास्त मिळतो, मग कारखान्यात ४५० अंश कशाला?

प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे. अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते म्हणून तापमान कमी ठेवलं की अमोनिया जास्त मिळतो असं सर सांगतात, आणि पुस्तकात त्याच पानावर ४५० अंश लिहिलंय. यातलं खरं काय? आणि कॅटॅलिस्टने, म्हणजे स्वतः न संपता वेग वाढवणाऱ्या पदार्थाने, अमोनिया वाढतो का? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: सर पण बरोबर आणि पुस्तक पण बरोबर. बारावीची पोरंसुद्धा ही जागा पाठ करून पुढे जातात, तू अडलास आणि विचारलंस हे मला फार आवडलं.

आधी एक पक्कं कर, समतोल म्हणजे रिअ‍ॅक्शन थांबली असं नाही. नायट्रोजन-हायड्रोजन जोडून अमोनिया होतोय आणि तेवढ्याच वेगाने अमोनिया फुटून परत नायट्रोजन-हायड्रोजन होतायत, म्हणून वरून बघताना काही हलत नाही. याला पुरावा आहे. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, घेऊन तसंच दुसरं मिश्रण करायचं आणि दोन्ही समतोलाला आली की एकत्र करायची. एकूण अमोनिया तेवढाच राहतो, पण थोड्या वेळाने एकाच रेणूत हायड्रोजन आणि ड्युटेरियम दोन्ही सापडतात. सगळं थांबलेलं असतं तर ही अदलाबदल झालीच नसती ना!

आता तापमान. अमोनियाचे दोन मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप) तयार होताना साधारण ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, त्यामुळे बाहेरून आणखी उष्णता दिली की मिश्रण ती शोषून घेणाऱ्या दिशेला, म्हणजे उलटं, सरकतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडलेला नियम तो हाच. १०० वातावरण दाबाला (म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १०० पट) २०० अंशांवर समतोलात ८० टक्क्यांच्या आसपास अमोनिया असतो आणि ५०० अंशांवर जेमतेम १०-११ टक्के, म्हणजे सरांचं म्हणणं आकड्यांतही दिसतं.

पण हे आकडे शेवटी किती मिळेल ते सांगतात, किती वेळात मिळेल ते सांगत नाहीत, आणि तुझा घोळ नेमका इथे झालाय. नायट्रोजनच्या दोन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो, तो तुटता तुटत नाही, त्यामुळे २०० अंशांवर लोखंडाचा कॅटॅलिस्ट असूनही काम इतकं हळू चालतं की कारखाना त्यावर चालूच शकत नाही. लोखंड नीट काम करतं ते ४०० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात, म्हणून ४५०. कॅटॅलिस्ट जाणारी आणि येणारी दोन्ही रिअ‍ॅक्शन सारख्याच पटीने वेगवान करतो, तेव्हा समतोलातला अमोनिया त्याने एक कणही वाढत नाही. पण तो नसता तर कितीतरी जास्त तापवावं लागलं असतं आणि तिथे अमोनिया जवळपास उरलाच नसता, म्हणजे फायदा आहे पण आडवाटेने.

मग कमी मिळणाऱ्या अमोनियावर कारखाना चालतो कसा? एक तर दाब, १५० ते २५० वातावरण, कारण चार रेणूंचे दोन होतात आणि दाबलं की मिश्रण कमी रेणूंकडे जातं. दुसरी युक्ती मला जास्त सुंदर वाटते. एका फेरीत साधारण १५ टक्केच वायूचा अमोनिया होतो, तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला वायू परत आत सोडतात, पुन्हा काढतात, पुन्हा सोडतात, असं करत जवळजवळ सगळा वायू कामी येतो. १९१३ साली जर्मनीत ओपाऊला पहिला मोठा कारखाना सुरू झाला तेव्हापासून गाभा हाच आहे. आपल्याकडे अलिबागजवळ थळला आरसीएफचा (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) अमोनिया-युरियाचा कारखाना आहे, आणि तुमच्याकडे उसाला जो युरिया टाकतात तो कुठल्याही कंपनीचा असो, त्यातला नायट्रोजन अशाच फेऱ्या मारून आलेला असतो.

जाता जाता, परीक्षेत हमखास विचारतात: भांड्याचं आकारमान तेच ठेवून आर्गॉन, म्हणजे कशाशीच रिअ‍ॅक्शन न करणारा वायू, घातला तर? एकूण दाब वाढतो, पण नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया या तीन वायूंचा आपापला दाब आहे तेवढाच राहतो, म्हणून समतोल हलत नाही. घाईत 'दाब वाढला म्हणजे अमोनिया वाढला' असं लिहू नकोस.