सोलापुरात कुणाला काय म्हणायचं

प्रिय ओवी,

परवा व्हिडिओ कॉलवर आजोबा तुझ्याशी बोलता बोलता दुकानासमोरून जाणाऱ्यांशीही बोलत होते. एकाला 'रामराम', एकाला 'बागुन्नारा अण्णा?', एकाला 'सलाम आलेकुम चाचा'. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आपण मराठी ना, मग आजोबा सगळ्यांना नमस्कारच का म्हणत नाहीत?" प्रश्न मला इतका आवडला की सवडीनं लिहायचं ठरवलं.

ज्याच्याशी बोलायचं त्याच्या रीतीनं सुरुवात करायची, अशी आपल्या गावाची पद्धत आहे. पुढचं सगळं मराठीत चालतं, पण पहिला शब्द त्याचा.

आजोबांचं सुताचं दुकान पूर्व भागात. सोलापुरात 1877 साली कापडगिरणी सुरू झाली, तिला अजून जुनी मिल म्हणतात. पुढे गिरण्या आणि माग वाढले तशी तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबंच्या कुटुंबं इथं येऊन राहिली. तू पांघरतेस ती चादर अशाच कुणाच्या तरी मागावरची. त्यांच्या घरात आजही तेलुगू बोलतात, नवरात्रात बायका फुलं रचून त्याभोवती बतुकम्मा खेळतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. त्यांना मराठी उत्तम येतं, आजोबांचं काही अडलं नसतं. पण 'बागुन्नारा?', म्हणजे 'बरे आहात ना?', ऐकल्यावर पाळी संपवून दमून निघालेला माणूस सायकल थांबवतो, पायरीवर टेकतो, मुलीच्या लग्नाचं सांगतो. शाळेतून आल्यावर गल्ल्याशेजारी बसून मी हे कितीदा पाहिलंय.

कानडीचं वेगळं आहे. ती कुठून आलेली नाही, इथलीच आहे. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, आणि त्यांची वचनं, म्हणजे भक्तीच्या छोट्या रचना, कानडीत आहेत. अक्कलकोटकडे गेलीस तर घरोघरी कानडी ऐकशील. लिंगायत घरातल्या आजींना 'शरणु' म्हण, त्या 'शरणु शरणार्थी' म्हणतील आणि बहुतेक तुझा गालगुच्चा घेतील.

यापेक्षाही जास्त कानावर पडेल तो जेवणाचा प्रश्न. मराठीत 'जेवण झालं का?', कानडीत 'ऊटा आतेनरी?', तेलुगूत 'तिन्नारा?', मोहल्ल्यात 'खाना हुआ क्या?'. भर उन्हात, रस्त्यात, बस पकडायच्या गडबडीतसुद्धा विचारतात. तुझ्या वर्गात कुणी असं विचारलं तर तू खरंखुरं उत्तर देशील. इथं 'झालं, तुमचं?' एवढं पुरे. 'नाही झालं' म्हणालीस तर मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्याशिवाय सुटका नाही, आणि ते प्रेमानंच असतं.

आणखी थोडं. 'जय भीम' म्हणणाऱ्याला 'जय भीम', 'जय जिनेंद्र' म्हणणाऱ्याला 'जय जिनेंद्र'. आषाढीच्या आधी गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरला जाते, तेव्हा एखादे पिकल्या केसांचे वारकरी 'राम कृष्ण हरी' म्हणत तुझ्या पाया पडतील. घाबरून मागे सरू नकोस. वारीत लहान-मोठा पाहत नाहीत. तूही वाकायचंस.

हे सगळं नुसतं गोड बोलणं आहे असं समजू नकोस. 1930 साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला आणि 12 जानेवारी 1931 रोजी स्वातंत्र्यलढ्यातल्या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. ही नावं एकदा मोठ्यानं वाच. चौघांच्या घरी दारात चार वेगळे शब्द कानावर आले असते. चार हुतात्मा चौकात आपण त्या दिवशी जाऊ, आजोबा दरवर्षी जातात. लगेच सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, वेगवेगळ्या समाजांना त्यांचा मान असतो आणि गर्दीतला प्रत्येक जण एकाच आवाजात 'हर्र बोला हर्र' म्हणतो. तिथं कुणाची भाषा कुठली हे कळतही नाही.

एक नियम पाठ कर: समोरचा जे म्हणेल तेच परत म्हणायचं, मोठ्या माणसाला अण्णा, अक्का, काका, चाचा यातलं जे शोभेल ते जोडायचं. उच्चार चुकला तर लाजू नकोस, लोक हौसेनं शिकवतात. आधी कानडी शिकायचं की तेलुगू, ते तू ठरव आणि मला सांग. कानडीचं मी घेईन, तेलुगूसाठी आजोबाच लागतील.

तुझी,
आई