बुद्धिबळात पांढऱ्याने पहिली चाल डी४ (वजिरापुढचं प्यादं दोन घरं) खेळलो की समोरचा लगेच ई५ वर प्यादं देतो आणि पुढे त्याचा वजीर माझं बी२ चं प्यादं खातो. काय करू?

हा एंग्लंड गँबिट (गँबिट म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम प्यादं देऊ करणं), स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लंड यांच्या नावाने ओळखला जाणारा. प्यादं बिनधास्त खा, घाबरायचं कारण नाही. सापळा कुठे आहे तेवढं मात्र नीट पाहून ठेवा.

नेहमीचा क्रम असा: डी४ ई५, प्यादं खाल्लं, घोडा सी६, तुमचा घोडा एफ३, त्याचा वजीर ई७. तुम्ही उंट एफ४ वर आणून प्यादं राखता. मग वजीर बी४ वरून शह, तुमचा उंट डी२, आणि वजीर बी२ खातो.

इथेच बहुतेकांचा घात होतो. हत्ती वाचवायला उंट सी३ वर नेला, की त्याचा उंट बी४ वर येतो. तुम्ही वजीर डी२ ला आणता, तो सी३ चा उंट मारतो, तुम्ही वजिराने परत मारता आणि त्याचा वजीर सी१ वर मात देतो. घोड्याने मारलंत तर कोपऱ्यातला हत्ती शहासकट जातो.

बरोबर चाल म्हणजे घोडा सी३. पुढच्या चालीला हत्ती बी१ वर आणून वजिराला हाकला. त्याने उंट बी४ केला तरी हत्ती बी१, वजीर ए३, हत्ती बी३, वजीर ए५ आणि मग तुमचं प्यादं ए३. प्यादी समसमान, पण तुमचे मोहरे बाहेर आलेत आणि त्याचा वजीर नुसता पळतोय. पटावर हा क्रम दहा वेळा हाताने खेळून बघा.