'एपिटॅक्सी'ला 'मुलामा' का म्हणू नये

प्रश्न असा: स्फटिकाच्या पृष्ठभागावर धातूचे पातळ पटल वाढवतात, त्या 'एपिटॅक्सी'ला मराठीत 'मुलामा' किंवा 'लेप' म्हटले तर चालेल का?

नाही चालणार. मुलाम्याचे काम झाकणे. खालचे अणू कसे मांडले आहेत याच्याशी त्याला कर्तव्य नसते. वर्ख तर आधी ठोकून तयार होतो, मग चिकटतो. एपिटॅक्सीत वरून येणारे अणू खालच्या जालकाची, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या नियमित मांडणीची, दिशा धरून बसतात. १९२८ साली फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ रॉयर यांनी घडवलेल्या या शब्दात ग्रीक 'एपि' म्हणजे वर आणि 'टॅक्सिस' म्हणजे मांडणी.

शब्दशः 'अधिरचना' होईल, पण तो शब्द समाजशास्त्रात गुंतलेला आहे. शिवाय पृष्ठभागावरच्या अणूंच्या मोठ्या घरांच्या (घर म्हणजे मांडणीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) मांडणीला, म्हणजे 'सुपरस्ट्रक्चर'ला, तो राखून ठेवावा लागेल. मला 'अनुरचन' पटतो. 'अनु'मध्ये मागोमाग जाणे आहे, हुबेहूब नक्कल नाही, आणि नेमके तेच घडते. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकावर लोखंड वाढवण्याचे उदाहरण घ्या. ऑक्साइडच्या घराची बाजू ४.२१ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), लोखंडाची २.८७. सरळ ठेवून मेळ बसत नाही. लोखंडाचे घर ४५ अंशांनी वळते, त्याचा ४.०६ चा कर्ण ऑक्साइडच्या बाजूशी लागतो आणि तफावत साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरते. एवढ्यासाठी लोखंडाला ताणून बसावे लागते. पटल जाड होत गेले की ताण पेलवत नाही, मग मधूनमधून अणूंची एखादी रांग जास्तीची शिरते.

'थर' हा शब्दही जपून वापरावा. एका अणूच्या जाडीचा तो थर. सगळे मिळून पटल. ऑक्साइडवर धातू बहुधा पसरत नाही, बेटे करतो, कारण धातूची पृष्ठऊर्जा, म्हणजे उघडा पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा, जास्त असते. पाच थरांइतका धातू टाकूनही मध्ये ऑक्साइड उघडा राहू शकतो. तिथे 'पाच थरांचे पटल' म्हणणे चूक. 'पाच थरांइतका धातू' म्हणावे. काही जोड्यांत आधी एकदोन थर सपाट बसतात आणि बेटे त्यावर उगवतात.

'लेप' मात्र एका ठिकाणी शोभतो. पटल निर्वातात वाढवतात, पण टॉर या दाबाच्या एककाच्या दहालाखाव्या भागाइतक्या दाबालाही उरलेला वायू सेकंदाभरात अख्खा पृष्ठभाग झाकण्याइतका आदळतो. असा मळ बसला की धातूला खालची मांडणी कळतच नाही, स्फटिककण वाटेल त्या दिशांना वाढतात. त्याला खुशाल लेप म्हणा.